वीस किलोंची नात

२ फेब्रुवारी, सकाळी दहा
दुधाच्या हिशेबाची वही पालथी करून मागून लिहायला घेतली. मागची पानं कोरी पडून होती, नवी वही कशाला? ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेवढंच लिहीन.

मुलाचा फोन आला होता. तेवीस मार्चला तिघंही येतायत. नात आता सहा वर्षांची झाली. मागच्या खेपेला स्टेशनवर मी तिला उचलायला वाकले, कमरेत कट् झालं आणि पोर अर्ध्यातच लोंबकळली. सुनेच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, तिला वरच्यावर झेललं. त्या रोज पोहतात. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात सुटकेस, आणि वर मला विचारतात, विहीणबाई, तुमची पर्स घेऊ का? त्यानंतर सगळी सुट्टी पोरीने 'त्या आजीकडे, त्या आजीकडे' करून काढली. मी ते केव्हाच विसरले. मनात काही ठेवायचं नाही हा माझा स्वभावच आहे.

संकल्प: या वेळी गाडीतून उतरल्याबरोबर नातीला उचलणार ती मी. देवापुढे बोलले आहे. आता माघार नाही.

३ फेब्रुवारी
मुलाला फोन केला. सहज विचारलं, तिचं वजन किती रे? म्हणाला, वीस किलो. का, तिला सामानात टाकून पाठवायचीय का?
याला विनोद सुचतात. वडिलांवर गेलाय.

४ फेब्रुवारी
कॉलनीच्या हॉलखालच्या जिममध्ये नाव घातलं. ह्यांनी पावती एकदा बिनचष्म्याची वाचली, एकदा चष्मा लावून. मग म्हणाले, नाव तुझंच आहे की!

ट्रेनरबाई चाळिशीच्या, आवाज हेडमास्तरांसारखा. मला काकू म्हणतात. नाव लिहून घेताना त्यांनी विचारलं, काकू, काही जुनं दुखणं? मी म्हटलं, काही नाही. कंबर, उजवा गुडघा आणि मान सोडली तर खरोखरच काही नाही. आणि ती काय दुखणी थोडीच, ती घरचीच आहेत.

५ फेब्रुवारी
पहिला दिवस. स्क्वॉट शिकवले. खुर्चीवर बसायला जायचं आणि न बसता परत उठायचं. आपण आयुष्यभर हेच तर करत आलो. चहाचा कप घेऊन टेकायला जावं की दाराची बेल वाजते. मला पहिल्याच झटक्यात जमलं.

ट्रेनरबाई म्हणाल्या, दहा करा आणि थांबा. मला आकडे मोजत बसायला आवडत नाही, वेळ फुकट जातो. जपाची माळ नेलीच होती. एका बैठकीला एक मणी, एक नाम. व्यायामही, पुण्यही. दहा झाले तेव्हा लक्षात आलं की माळ अर्धवट सोडायची कशी? देवाचं नाव घेऊन मध्येच उठून जायचं? ट्रेनरबाई पलीकडे एका गृहस्थांच्या पोटावर ओरडत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मी माळ पूर्ण केली. फार प्रसन्न वाटलं.

६ फेब्रुवारी
देवापुढे बसले ती उठता येईना. मांड्या कुणा दुसऱ्याच्याच आहेत असं वाटत होतं. ह्यांनी दोनदा डोकावून पाहिलं, शेवटी स्वतःच चहा केला. मग म्हणाले, आज देवाला बरंच सांगायचं होतं वाटतं. मी डोळे मिटून घेतले. पोथीचे तीन अध्याय जास्तीचे झाले. एरवी कुठे होतात?

७ फेब्रुवारी
जिना उलटा उतरले. पाठमोरी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काही विसरलात का? म्हटलं, हो.

८ फेब्रुवारी
ट्रेनरबाईंनी चालणं बघितलं आणि त्यांना कळलं. माळेचं सांगितल्यावर त्या बाटलीभर पाणी प्यायल्या. मग समजावून सांगितलं. दुखण्याच्या दोन जाती. स्नायू दोन्ही बाजूंनी सारखे ठणकतात, दोन-तीन दिवसांत आपोआप जातात, ते चांगलं दुखणं. सांध्यात, एकाच जागी, सुईसारखं टोचलं तर ते वाईट. तिथल्या तिथे थांबायचं आणि त्यांना सांगायचं.

मॅट्रिकला मला आरोग्यशास्त्र होतं, त्यामुळे चटकन समजलं. घरी येऊन नीट विचार केला. माझं सगळंच दुखणं चांगल्या जातीचं आहे.

११ फेब्रुवारी
आता हातांची पाळी. दोन्ही हातांनी सारखेच डंबेल्स उचला म्हणतात. पण माझा उजवा हात जन्मभर कणीक मळतोय, भांडी घासतोय, कपडे पिळतोय. त्याच्या खात्यावर आधीच भरपूर जमा आहे. डावा नुसता ताट धरायला. म्हणून ट्रेनरबाईंची पाठ वळली की उजव्याला सुट्टी आणि त्याच्या वाटणीचंही डाव्याला. दोघांचा हिशेब महिन्याभरात बरोबर बसेल.

१३ फेब्रुवारी
डाव्या हाताने दाराची कडी निघत नाही. चांगलं दुखणं.

१४ फेब्रुवारी
आज विश्रांतीचा दिवस. ट्रेनरबाई म्हणतात, स्नायू व्यायामात नाही, विश्रांतीत तयार होतात. तरुण माणसांना पटेल हे. रिकामं बसून काही तयार झालेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

सुट्टीच्या दिवसांसाठी घरीच सोय केली. कोठीतली तांदळाची पिशवी, नवीकोरी, दहा किलोंची. खालून उचलून छातीशी धरायची, परत ठेवायची. आज जेमतेम गुडघ्यापर्यंत आली. होईल.

१८ फेब्रुवारी
पिशवी कमरेपर्यंत आली! नणंद आणि तिची माणसं दोन दिवस जेवायला होती, धावपळ खूप झाली, तरी व्यायाम चुकवला नाही.

२४ फेब्रुवारी
पिशवी छातीपर्यंत. तीही न थांबता, आणि वर स्वयंपाकघरात एक फेरी. दहा दिवसांत एवढी ताकद! ह्यांना हाक मारून दाखवलं. हे म्हणाले, शाब्बास, पण त्यात आता राहिलेत किती? मी म्हटलं, दिवस? अजून महिना आहे. हे म्हणाले, दिवस नव्हे. आणि पेपर उघडून बसले.
पुरुषांना बायकोची प्रगती बघवत नाही.

२७ फेब्रुवारी
आज पिशवी एका हाताने! डाव्या! देवाला नमस्कार केला. तांदूळ संपत आलेत, ह्यांना आणायला सांगायचे.

२८ फेब्रुवारी, दुपारी
उद्यापासून तीन दिवस नणंदेकडे जायचं आहे, तिच्याकडे रंगकाम निघालंय. तिथे जिम नाही. तीन दिवस बुडणार म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. मग सुचलं. सुट्टीवर जाताना आपण दूधवाल्याला, पेपरवाल्याला आगाऊ सांगून ठेवतो, तसंच हे. तिन्ही दिवसांचं आजच भरून टाकलं. सकाळी एकदा, अकराला एकदा आणि ट्रेनरबाई जेवायला गेल्यावर एकदा. आता निर्धास्तपणे जाता येईल.

उजव्या खांद्यात सुईसारखं काहीतरी होतंय. (उजव्याला मुद्दाम आजपासून कामाला लावला होता. डाव्याचं खातं आता फार पुढे गेलंय.) बसने जाताना खिडकीचा वारा लागला नाही म्हणजे झालं.

२ मार्च
नणंदेकडे. हात खांद्याच्या वर जात नाही. नणंदेने वेणी घालून दिली, लहानपणी आई घालायची तशी घट्ट, आणि प्रत्येक पेडाला विचारलं, काय करून बसलीस वहिनी? मी सांगितलं, वजनं उचलते. ती हसता हसता खाली बसली. म्हणाली, दादाला माहितेय? म्हटलं, त्यांनी पावती दोनदा वाचलीय.

४ मार्च
घरी आले. ह्यांनी तांदूळ आणून ठेवले होते. पिशवी उचलायला गेले तर हलेना! दहाच किलोंची, तीच पिशवी, त्याच दुकानातली. पाच दिवसांपूर्वी मी ही एका हाताने उचलत होते. एवढी ताकद गेली कुठे? नणंदेकडे शेजारणीने बघितलं होतं माझ्याकडे, 'बारीक झालात' म्हणाली होती. दृष्ट लागली असणार, दुसरं काय.
हे कोठीच्या दारात उभे राहून मिशीत हसत होते. कारण सांगेनात.

५ मार्च
ट्रेनरबाईंनी हात वर करायला लावला. झाला नाही. विचारलं, कधीपासून? खोटं बोलायचं नाही म्हणून आगाऊ व्यायामाचं सगळं सांगितलं. त्या खाली बाकावर बसल्या. मग दोन्ही हात जोडून म्हणाल्या, काकू, एकाच दिवशी तीन दिवसांचं जेवता का तुम्ही? मी म्हटलं, जेवणाची गोष्ट वेगळी, ते शिळं होतं. त्यांनी फिजिओकडे चिठ्ठी दिली.

६ मार्च
फिजिओ तरणाबांड. आत गेल्या गेल्या म्हणाला, या आजी, बसा. काकू म्हणाला असता तर मी फी मनापासून दिली असती.

म्हणाला, खांद्याचा स्नायू दुखावलाय, फाटलेला नाही. दहा दिवस वजन बंद. बर्फाने शेका, रोज हात हळूहळू हलवा, चाला. निळी पट्टी चिकटवून दिली आणि म्हणाला, तीन दिवसांनी काढून टाका. चांगली जाड, ताणली जाणारी पट्टी. तीन दिवसांत काढून टाकायची म्हणजे काय?

मी विचारलं, तेवीस तारखेपर्यंत वीस किलो उचलता येतील का? म्हणाला, कशाला? म्हटलं, नातीला. तो हसला नाही हे खरं. म्हणाला, आजी, तुम्ही खाली बसा, ती येऊन गळ्यात पडेल. तेही उचलण्यासारखंच.
याला विहीण नसणार.

८ मार्च
बर्फाऐवजी फ्रीझरमधली मटारची पिशवी खांद्यावर ठेवते. शेकून झालं की मटार भाजीत. ह्यांनी जेवताना विचारलं, हे तेच का? मी म्हटलं, पिशवी बंद होती. तरी त्यांनी बटाटेच खाल्ले.

१० मार्च
विहीणबाईंचा फोन. आवाज मधासारखा. म्हणाल्या, ऐकलं तुमच्या खांद्याचं, जपा हो, या वयात असले उद्योग कशाला? स्टेशनवर मी आहेच ना, तुम्ही घरीच थांबलात तरी चालेल. मी म्हटलं, छे हो, किरकोळ आहे, तुम्ही कशाला दगदग करता, तुम्हीच घरी थांबा. मग आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींना प्रेमाने घरी थांबायला सांगत होतो.

फोन ठेवल्यावर रागाने एका पायावर बैठक मारली. तीही उजव्या. उजव्या गुडघ्याने लगेच निरोप पाठवला.

१२ मार्च
पट्टी अजून आहे. कडा काळ्या पडल्यात, पण मधला भाग नव्यासारखा आहे.

१६ मार्च, सकाळी
दहा दिवस झाले. हात वर जातो! पट्टी निघताना थोडी कातडीही बरोबर आली, ते जाऊ दे. फिजिओ म्हणाला, विश्रांतीने बरं झालं. मी मान डोलावली. खरं म्हणजे जपाने झालं, त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही.

ट्रेनरबाईंनी पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. नुसती काठी! लाकडाची! कपडे वाळत घालायच्या काठीसारखी. ती घेऊन वाकायला शिकवलं. पाय एकमेकांपासून खांद्याइतके लांब, पाठ सरळ, बूड मागे, छाती वर, श्वास आत, आणि जोर पायांत. पाच वेळा अपमान गिळला, सहाव्या वेळेला कमरेत काहीच कट् झालं नाही. हे इतकी वर्षं कुणी का सांगितलं नव्हतं?

१८ मार्च
सहा किलो. व्यवस्थित.

१९ मार्च
बारा किलो जमिनीवरून उचलले. डोळे मिटले नाहीत, श्वास सोडला नाही. ट्रेनरबाईंनी टाळ्या वाजवल्या, पोटवाल्या गृहस्थांनीसुद्धा वाजवल्या. त्या म्हणाल्या, काकू, अशाच हळूहळू गेलात तर जूनपर्यंत वीस नक्की.
जून!
आजचा दिवस खरंच फार छान होता. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बारा? आणि नंतर बराच वेळ काही चिडवलं नाही.

२० मार्च, सकाळी अकरा
झोपेत विचार केला. जिममधलं वजन हलत नाही. नात हलते. तेव्हा खरा सराव हलत्या वजनाचा हवा. हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

शेजारच्या वकीलबाईंचा कुत्रा. त्याला सगळी कॉलनी शेठ म्हणते. पोट जमिनीला टेकतं, स्वभाव शांत, वीसच्या आसपास भरेल. वकीलबाई कोर्टात गेल्यावर त्यांच्या कामवाल्या बाईंना सांगून अंगणात गेले. पाय लांब, पाठ सरळ, बूड मागे, श्वास आत. उचलला! शेठ कमरेपर्यंत आला! माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता.
तेवढ्यात भिंतीवरून मांजर गेली.

२० मार्च, संध्याकाळी
दुखत नाहीये. फक्त जाणवतंय.

आंघोळ केली. ह्यांना काही सांगितलेलं नाही. हे वकीलबाईंशी फाटकात बोलत उभे होते, पण ते पाण्याबद्दल असणार.

२१ मार्च
मटार संपले. मक्याची पिशवी वापरतेय.

२२ मार्च
ह्यांनी न विचारता सगळा बाजार आणला, गाद्या घातल्या, वरचे डबे काढून दिले. काय झालंय ह्यांना कोण जाणे. मला म्हणाले, उद्या स्टेशनवर मी जातो, तू घरी थांब. म्हटलं, विहीणबाई जाणार आणि मी नाही?

देवाला सांगितलं: एकदाच. एकदाच उचलू दे, मग जूनपर्यंत काठी.

२३ मार्च, संध्याकाळी
(पलंगावर आडवी पडून लिहितेय, अक्षर चांगलं नाही.)

गाडी वेळेवर आली. विहीणबाई माझ्याआधी पोचलेल्या. मुलगा उतरला, सून उतरली, मग नात. केवढी उंच झालीय! मी पुढे झाले. पाय खांद्याइतके लांब, पाठ सरळ, बूड मागे, छाती वर, श्वास आत, हात पुढे. ट्रेनरबाई असत्या तर फोटो काढला असता.

नात जागच्या जागी थांबली. बापाला विचारलं, बाबा, आजी अशी का उभी आहे? मुलगा म्हणाला, आई, खाली काही पडलं का? मी म्हटलं, नाही रे. ये बाळा, उचलते तुला. पोर दोन पावलं मागे सरली. म्हणाली, शी, मी काय बाळ आहे? मी पहिलीत जाते! विहीणबाईंनी हात पसरले होते, त्यांनाही हेच उत्तर. म्हणजे बरोबरी.

मग मी सरळ व्हायला गेले. झाले नाही. बूड मागेच राहिलं. सगळं स्टेशन माझ्याकडे बघत होतं आणि मला फक्त चपला दिसत होत्या. हे कानाशी येऊन म्हणाले, शेठ ना? मी मान डोलावली. मानही दुखली.

एकच गोंधळ. मुलगा म्हणतोय खुर्ची आणतो, सून म्हणतेय डॉक्टर, विहीणबाई म्हणतायत, मी धरते, मला सवय आहे. तेवढ्यात माझ्या चपलांसमोर दोन लाल बूट येऊन उभे राहिले. नातीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, आजी, घाबरायचं नाही. आधी कठडा धरायचा. मग एक पाय. मग थांबायचं. मी आहे ना.

स्टेशनवरचा पूल भला मोठा. प्रत्येक पायरीला ती थांबली आणि प्रत्येक पायरीला विचारलं, दमलीस? मुलाने घाई केली तर त्यालाच ओरडली, तुम्ही पुढे व्हा, आम्ही दोघी येतो. दोघी! टॅक्सीत माझ्या शेजारी बसली. जेवताना पाण्याचा पेला तिने दिला. आत्ता तिची गादी माझ्या पलंगाला चिकटवून घालून घेतेय, मला उठायचं झालं तर हाताशी कुणी हवं म्हणून. तीन दिवस व्यायाम केला नव्हता, म्हणजे हे सगळं आधीच्या दीड महिन्याचं फळ. मेहनत वाया जात नाही. ट्रेनरबाईंना सांगायला हवं.

विहीणबाई आमच्या मागून दोन्ही सुटकेसा घेऊन पूल चढत होत्या. त्यांचा हात कुणी धरला नाही. धडधाकट आहेत ना बिचाऱ्या.